काकू पहिल्या रांगेत

"मला ओळखपत्र मागितलं गं दारात! मला! या वयात!"

काकू जाळीपलीकडून हे एवढ्या खणखणीत आवाजात म्हणाल्या की ओसरीतला झोपाळा थांबला. झोपाळ्यावर काका होते, म्हणजे काकांचा पेपर होता आणि पेपरामागे काका होते. काकू पोर्टलंडहून, मुलाकडून, नुकत्याच परत आलेल्या. चॉकलेटं वाटून झाली होती, नातवाचे फोटो दाखवून झाले होते. मला वाटलं, आता विमानातल्या जेवणाची वेळ.

"कुठल्या दारात, काकू?"

"स्ट्रिप क्लबच्या."

मी कढीपत्त्याच्या दोन काड्या मागायला आले होते. काड्या राहिल्या, मी मात्र तिथेच रोवले गेले.

"अगं, सूनबाईच्या ऑफिसातल्या मैत्रिणीचं लग्न होतं. तिकडे नवरीच्या मैत्रिणी लग्नाआधी एक रात्र बाहेर काढतात. आपलं केळवण, फक्त पुरणपोळीऐवजी मार्गारिटा. सूनबाई म्हणाली, आई, तुम्ही घरी थांबा, आम्ही जरा वेगळ्या ठिकाणी जातोय. म्हटलं, किती वेगळ्या? ती लाल झाली. मग तर मी गेलेच."

"आणि तिथे पुरुष नाचत होते?"

"छे! बायकाच नाचतात, आणि बघायला बायका पण येतात. जोडपी येतात. शेजारच्या टेबलावर तर एकजण एकटाच बसून फ्राइज खात होता, खानावळीत आल्यासारखा. पोर्टलंडमध्ये त्याचं कुणाला काही नाही. गल्लीबोळात आहेत ते क्लब. मेरीज क्लब म्हणून एक आहे, तो १९५४ पासूनचा. एक तर चक्क शाकाहारी आहे, कासा डियाब्लो. आपल्या जोशीबुवांना सोय."

पेपरामागून खाकरल्याचा आवाज आला.

"थट्टा नाही हं. तिथल्या राज्याचा नियमच आहे, दारू विकायची तर जेवणही ठेवायला हवं. म्हणून प्रत्येक क्लबला स्वयंपाकघर. अ‍ॅक्रोपोलिस नावाचा क्लब तर स्टेकसाठी प्रसिद्ध आहे. लोक म्हणे खरंच जेवायला जातात."

"लोक म्हणे," काका पेपराआडून म्हणाले.

"तुम्ही वाचा."

मग काकू रंगात आल्या. त्यांचं असं आहे, की अक्कलकोटची वारी असो की मोतीबिंदूचं ऑपरेशन, रस्ता, खर्च, जेवण, स्वच्छतागृह सगळं क्रमाने सांगतात. अमेरिकेतल्या नग्न नाचाचंही त्यांनी तेच केलं. ऐकताना लाजायला सवडच मिळाली नाही.

"दारात ओळखपत्र. एकवीस पूर्ण हवीत. मी म्हटलं, बाबा रे, माझ्या गुडघ्यांकडे बघ. पण नाही, पासपोर्ट काढायला लावला. आत गेलं की आधी काउंटरवर जायचं आणि नोटा मोडून एकेका डॉलरच्या घ्यायच्या. सूनबाईने माझ्या हातात गठ्ठा ठेवला, देवळाबाहेर सुट्टे ठेवतो तसा. मग बसायचं कुठे, हा खरा प्रश्न. स्टेजला लागून खुर्च्या असतात, त्याला रॅक म्हणतात. लांबच्या टेबलावर बसलात तर निवांत प्या, गप्पा मारा, कुणी काही म्हणणार नाही. पण रॅकवर बसलात की दर गाण्याला, दर नाचणारीला पैसे द्यायचे. निदान एक डॉलर. तोही आता जुन्या काळातला दर झाला, दोन-तीन ठेवले तर बरं दिसतं. पैसे द्यायचे नसतील तर उठून मागे जायचं. तिथे बसून फोन बघत राहणं म्हणजे अगदीच गावंढळपणा."

"आणि तुम्ही कुठे बसलात?"

"रॅकवर! मला चष्म्याशिवाय लांबचं कुठे दिसतं?"

एव्हाना पेपर खाली आला होता.

"आता ऐक काय काय चालत नाही. हात लावायचा नाही, हा पहिला नियम. तिने आपणहून खांद्यावर हात ठेवला तर ठेवू दे, आपण आपले हात आपल्याजवळ. फोन पर्समध्ये. फोटो काढलास तर तो दाराशी उभा असलेला पहिलवान येऊन फोन काढून घेतो, आणि मग तू बाहेर. पेला स्टेजवर ठेवायचा नाही, ती अनवाणी किंवा वीतभर टाचांवर असते, सांडलं तर पाय मोडेल. आणि खरं नाव विचारायचं नाही. तिथलं नाव हे तिथलं नाव."

"तुम्ही विचारलंत," मी म्हटलं. काकूंना मी ओळखते.

"नाव नाही विचारलं. लग्न झालंय का एवढं विचारलं."

"काकू!"

"ती हसली गं. म्हणाली, रोज कुणीतरी विचारतंच, पण हातात हात घेऊन आईसारखं कुणी विचारत नाही. म्हणजे हात तिने घेतला होता, मी नाही. तिच्या मोकळ्या वेळात ती आमच्यापाशी येऊन बसली होती. तशा त्या फिरत असतात, लॅप डान्स हवा का विचारत. एका गाण्याचे अमुक पैसे, आधी ठरवायचे. नको असेल तर सरळ 'नको, थँक्यू' म्हणायचं, ती रागावत नाही. राग येतो तो अर्धा तास बोलत बसवून ठेवून मग नाही म्हणणाऱ्यांचा. तेवढ्या वेळात तिचा धंदा बुडतो ना. सूनबाईने म्हणूनच तिला आधी वीस डॉलर दिले आणि म्हणाली, नाच नको, सासूबाईंशी बोल."

हे मला फार आवडलं. सासूचं तोंड बंद ठेवायला पैसे मोजणाऱ्या सुना पाहिल्या आहेत, सासूला बोलतं करायला मोजणारी पहिलीच.

"तिने एक सांगितलं ते मला अजून पचलेलं नाही," काकू जाळीच्या अगदी जवळ आल्या. "क्लब तिला पगार देत नाही. तीच क्लबला पैसे देते. रोज रात्री कामावर आलं की आधी जागेचं भाडं भरायचं. वर गाणी लावणाऱ्याला, दारावरच्या पहिलवानाला, दारू देणारीला वाटा द्यायचा. बहुतेक क्लबांत हीच पद्धत, त्यांना नोकर धरतच नाहीत, स्वतंत्र कंत्राटदार म्हणतात. म्हणजे मंगळवारी पाऊस पडला, गिऱ्हाईक आलं नाही, तर ती रात्रभर नाचून घरी जाताना उणे पैशात. आणि समोर रॅकवर चौघं हाताची घडी घालून बसलेले."

"मग त्या काही करत नाहीत?"

"करतात ना. लॉस एंजेलिसकडे, नॉर्थ हॉलिवूडला स्टार गार्डन म्हणून क्लब आहे. तिथल्या मुलींनी सुरक्षिततेच्या तक्रारी केल्या, काहींना काढलं, तर त्यांनी महिनोन्‌महिने दाराबाहेर निदर्शनं केली. रोज नवा वेश करून! आणि २०२३ मध्ये त्यांची युनियन झाली. कुठल्या संघटनेत गेल्या माहितीये? अ‍ॅक्टर्स इक्विटीत. नाटकातल्या नटनट्यांच्या. त्याच्याही आधी सॅन फ्रान्सिस्कोत लस्टी लेडी नावाच्या ठिकाणी नव्वदच्या दशकात युनियन झाली होती, पुढे २००३ मध्ये ती जागा कामगारांनीच सहकारी तत्त्वावर चालवायला घेतली. दहा वर्षं चालवली."

"सहकारी?" काकांनी विचारलं. निवृत्तीपर्यंत बँकेत होते, हा शब्द त्यांना कुठेही झोपेतून उठवतो.

"हो, सहकारी. आणि पोर्टलंडच्या शेजारच्या वॉशिंग्टन राज्यात २०२४ मध्ये कायदाच केला. मालकाने मुलींकडून किती घ्यायचे त्याला मर्यादा, खोल्यांत धोक्याची बटणं. आणि त्यासोबत क्लबांना दारू विकायची मुभा. तिथे दारू नव्हती तोवर सगळा खर्च मुलींच्या भाड्यातून वसूल व्हायचा."

दारू आणि कपडे यांचं अमेरिकेतलं गणित मला कळेना. तसं म्हटल्यावर काकूंनी पदर खोचला.

"प्रत्येक गावाचा हिशोब निराळा. लास व्हेगासला आमचा भाचा गेला होता ना, ऑफिसच्या परिषदेला. परिषदेला! तिथे वरचे कपडे काढले तर दारू मिळते, सगळेच काढले तर दारू बंद, सरबत प्या. एकच क्लब अपवाद, पालोमिनो, नॉर्थ लास व्हेगासचा, १९६९ पासूनचा म्हणून जुन्या नियमावर चालतो. इंडियानात तर मुलींनी अगदीच उघडं व्हायचं नाही, टिकलीएवढं का होईना काहीतरी चिकटवायचं, यावर सुप्रीम कोर्टापर्यंत गेले लोक. १९९१ मध्ये कोर्ट म्हणालं, टिकली लावा. फ्लोरिडात टॅम्पाला सहा फुटांचा नियम काढला होता, नाचणारी आणि बघणारा यांच्यात सहा फूट."

"मग पोर्टलंडला कसं सगळंच चालतं?"

"तिथे बंदीला ऑरेगन राज्याची घटना आडवी येते. १९८७ चा निकाल आहे. एका पुस्तकाच्या दुकानवाल्यावर अश्लील पुस्तकं विकल्याचा खटला होता. कोर्ट म्हणालं, आमच्या राज्यघटनेत कुठल्याही विषयावर मोकळेपणाने व्यक्त होण्याचा हक्क आहे, आणि अश्लील हा विषय त्यातून वगळलेला नाही. झालं! पुस्तकवाला सुटला आणि मागोमाग नाचणाऱ्याही सुटल्या. म्हणून तिथे कपडे शून्य, दारू आहे, आणि रविवारी एका क्लबात नाच चालू असताना गिऱ्हाइकं शेजारी उभं राहून कराओके गातात. करोनात सगळं बंद पडलं तर लकी डेव्हिल नावाच्या क्लबच्या मुली घरोघरी जेवण पोचवायला लागल्या. दारात उभ्या राहून एक गाणं नाचायचं, डबा द्यायचा, निघायचं. तोंडाला मास्क."

"तोंडाला," काका म्हणाले.

"हो. मास्क नियमात होता."

मी भाच्याचं विचारलं, कारण लास व्हेगासची गोष्ट अर्धवट राहिली होती आणि अर्धवट गोष्ट मला रात्री झोपू देत नाही.

"त्याचं काय, त्याने टॅक्सीवाल्याला विचारलं, चांगला क्लब कुठला. तिथे टॅक्सीवाल्याला माणसामागे कमिशन असतं, औरंगाबादला रिक्षावाला पैठणीच्या दुकानात नेतो तसं. जो जास्त देईल तो चांगला. त्यात हे पडले नवखे. आत दारातले पैसे भरले, मग एका मुलीने गोड बोलून आतल्या खोलीत नेलं, तिथे शॅम्पेनची बाटली घेतल्याशिवाय बसता येत नाही. किंमत विचारायला लाज वाटली याला! कार्डावर किती लागले ते त्याने सांगितलं नाही, पण बायकोला वर्षभर सोनं घेतलं नाही एवढं मला ठाऊक आहे. मी त्याला म्हटलं, गाढवा, आत जायच्या आधी विचारायचं, किती वेळ, किती पैसे, बाटली वेगळी का त्यातच. हे विचारण्यात कसली लाज? लाज दारातच ठेवून आला होतास ना?"

पोर्टलंडला तसं नसतं म्हणे. एंट्री थोडी, काही ठिकाणी नाहीच, बिअर इतर बारइतकीच, आणि गिऱ्हाईक बहुतेक त्याच पेठेतलं. व्हेगासला आलेला माणूस पुन्हा येणार नाही हे सगळ्यांना माहीत असतं, म्हणून त्याला एकदाच सोलतात. हे काकूंचं मत, मला पटलं.

"पण आमचाही एक प्रमाद झाला," काकू म्हणाल्या. "म्हणजे आमच्यातल्या पोरींचा. नवरीबाईच्या डोक्यावर मुकुट, गळ्यात पट्टा, आणि सगळ्याजणी किंचाळतायत. ती मुलगी मला म्हणाली, आम्हाला सगळ्यात कंटाळा कुणाचा येतो, तर नवरीच्या टोळक्यांचा. आरडाओरडा करतात, स्वतःच स्टेजवर चढायला बघतात, आणि पैसे देत नाहीत. त्यांना वाटतं आपण बायका म्हणजे आपण गिऱ्हाईक नाही, आपण पाहुण्या. मी उठले, सगळ्यांच्या पर्सा उघडायला लावल्या. प्रत्येकीकडून दहा. तुला सांगते, पुढच्या गाण्याला ती मुलगी त्या खांबावर जी चढली! उलटी, एका पायावर, हात सोडून. मल्लखांब गं तो. आपल्या व्यायामशाळेतली पोरं करतात तेच, यांना बक्षीस मिळतं आणि तिला नावं ठेवतात."

इथे काकू क्षणभर थांबल्या आणि त्यांच्या माहेरात शिरल्या. माहेर नारायणगावचं. तमाशाची पंढरी. पाडव्याच्या सुमाराला तिथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे लोक जत्रेसाठी सुपारी द्यायला येतात.

"आमच्या गावात सगळ्या महाराष्ट्राचा तमाशा ठरायचा, पण आम्हा मुलींना तंबूच्या कनातीपाशी उभं राहायची बंदी. दौलतजादा कशी होते ते मला भावाने सांगितलेलं. नोट दाखवायची, ती नाचता नाचता घ्यायला येणार, मग स्टेजवरून देणाऱ्याचं नाव पुकारायचं. काही इरसाल नोट सोडायचेच नाहीत, तिचं बोट धरून ठेवायचे, आणि गावभर सांगायचे, मी तिचा हात धरला. पाच रुपयांत! मला पोर्टलंडला तेच आठवलं. मी डॉलर स्टेजच्या कडेवर ठेवला आणि हात मागे घेतला. बस्स."

"आपल्याकडचे डान्स बार तसेच होते का हो काकू?" मी विचारलं, आणि प्रश्न चुकीच्या माणसाला विचारल्याचं लगेच कळलं, कारण उत्तर झोपाळ्यावरून आलं.

"तसे कुठले! आपल्याकडे अंगभर कपडे. घागरा, चोळी, ओढणी. सिनेमाची गाणी. आणि बंदी मात्र आपल्याकडे."

पनवेलमध्ये राहून डान्स बार माहीत नसणं म्हणजे खाडी माहीत नसणं. जुन्या हायवेला ओळीने होते. विधानसभेत हा विषय लावून धरणारे आमदारही पनवेलचेच. पण काका एवढे सविस्तर बोलतील असं वाटलं नव्हतं.

"१५ ऑगस्ट २००५ पासून बंदी. आर. आर. पाटील गृहमंत्री. पंचाहत्तर हजार बायकांची रोजी गेली असं तेव्हा म्हणत. वर्षा काळ्यांची बारगर्ल्सची संघटना होती, मोर्चे निघाले. आणि गंमत काय, तीन तारे आणि त्यावरच्या हॉटेलांना बंदी नाही! म्हणजे नाच तोच, गालिचा जाड असला की संस्कृती बुडत नाही. २००६ मध्ये हायकोर्टाने नेमकं तेच धरून बंदी उडवली. २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने हायकोर्टाचं बरोबर म्हटलं. सरकारने पुन्हा कायदा केला, २०१६ मध्ये आणखी एक. त्याच्या अटी वाच तू. नाचाच्या जागी कॅमेरे. शाळा आणि देवळापासून एक किलोमीटर लांब. मुंबईत देवळापासून एक किलोमीटर म्हणजे समुद्रात! १७ जानेवारी २०१९ ला कोर्टाने त्या बऱ्याच अटी काढून टाकल्या. वेळ ठेवली, संध्याकाळी सहा ते साडेअकरा. आणि एक ठेवलं, नोटा उधळायच्या नाहीत."

"म्हणजे टिप द्यायची नाही?"

"द्यायची. हातात द्या. सरकार म्हणत होतं टिप बिलात घाला, कोर्ट म्हणालं बिलात कशाला, ती तिची आहे. फक्त अंगावर फेकायची नाही."

"बघ," काकू म्हणाल्या, "माझ्या डॉलरसारखंच."

खरं सांगायचं तर या सगळ्या कायदेकज्जांत मला हीच एक ओळ शहाणपणाची वाटली. कपडे किती, स्टेज किती फूट, देऊळ किती लांब यावर दोन्हीकडच्या सरकारांनी पट्ट्या घेऊन मोजमापं केली. पैसा तिच्या हातात पडतो की पायाशी, हे मात्र कुणीतरी शेवटी विचारलं. तेही सगळे बार जवळजवळ बंद पडल्यावर. आता हायवेला ऑर्केस्ट्रा बार आहेत, तिथे बायकांनी नुसतं गायचं, नाचायचं नाही. पूर्वी चारच बायका आणि चारच पुरुष अशी अट होती, तीही २०२२ मध्ये कोर्टाने काढली. आठ जण कुठलेही चालतात.

"पण अहो," काकूंचा आवाज आता वेगळा लागला. "तुम्हाला घागरा-ओढणी कशी माहीत? पेपरात फोटो काळे-पांढरे यायचे."

"बँकेत होतो ना. बारवाले दहाच्या कोऱ्या नोटांची बंडलं न्यायला यायचे. गिऱ्हाइकाला पाचशेचे सुट्टे करून द्यायला. मालकाचा त्यात हिस्सा, बाकी तिचा. रोकडा माझ्या टेबलावरून जायचा."

"रोकड्याने घागरा घातला होता?"

काकांनी पेपराची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. "एकदा नेलं होतं मॅनेजरसाहेबांनी. ऑडिट संपलं त्या रात्री. पण तुला शपथ सांगतो, सगळे उधळत होते, मी खिशात हात घालून बसलो. एक दमडी दिली नाही."

"कुठे बसला होतात?"

"पुढेच. साहेबांच्या शेजारी."

"किती वेळ?"

"दोन-अडीच तास."

"आणि एक दमडी दिली नाहीत."

"एक सुद्धा नाही!" काका अभिमानाने म्हणाले.

काकू माझ्याकडे वळल्या. "ऐकलंस? अडीच तास पहिल्या रांगेत बसून फुकट बघून आले, आणि वीस वर्षं स्वतःला सज्जन समजतायत."